आगाशांच्या गॅलरीतली चांदणी

डिसेंबर लागला की पुण्यात दोन प्रकारची माणसं दिसायला लागतात. एक, थंडी पडली म्हणणारी. दुसरी, 'ही कसली थंडी, थंडी आमच्या वेळी पडायची' म्हणणारी. वारज्याचे गोपाळकृष्ण आगाशे दुसऱ्या जातीचे. हे वाक्य ते कानटोपी, मफलर आणि एकावर एक दोन स्वेटर घालून म्हणत, ही गोष्ट निराळी.

पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर नकाशे संपले, पण दोष शोधणारी नजर शिल्लक राहिली, ती त्यांनी जगाकडे वळवली. सकाळी फिरायला निघाले की पुलाखालच्या सिग्नलला लाल टोप्या विकणारे दिसत. चौकातल्या बेकरीवाल्याने काचेला कापूस चिकटवून बर्फ केला होता. पुण्यात खरोखर बर्फ पडला तर लोक आधी महापालिकेच्या नावाने बोटं मोडतील आणि मग मोबाइल काढतील, असं आगाशांचं मत होतं. बेकरीत 'प्लम केक'ची पाटी लागली होती. त्यात प्लम औषधालाही सापडत नाही, नुसते मनुके असतात, हेही त्यांनी हेरून ठेवलं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मेरी ख्रिसमस'चे संदेश दहा दिवस आधीच सुरू झाले तेव्हा 'मराठीत नाताळ असा शब्द आहे' एवढं त्यांनी टाकलं. त्यावर कुणीतरी अंगठा दाखवला. पूर्वी असलं सगळं घरी येऊन सांगता यायचं. आता घरात ऐकायला कुणी नव्हतं.

त्यांच्या पत्नी कुमुदताई आषाढात गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. पहिलं वर्ष, त्यामुळे सणवार नाहीत. दिवाळीत दारात पणती लागली नाही, गॅलरीत आकाशकंदील चढला नाही. रीत म्हणजे रीत. नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले आणि आगाशांनी प्रत्येक घरच्या चिवड्यातली खोड मनातल्या मनात काढली. मोठ्याने काढायला समोर कुमुदताई लागायच्या.

सगळे फार चांगले वागत होते, हीच खरी अडचण होती. मुलगा केयूर बंगळुरूहून रोज फोन करी. "बाबा, तुम्ही काही करू नका. नुसतं बसा. काय हवं-नको ते मी इथून ॲपवर बघतो." मग दारात खोकी येत. कधी गरम पाण्याची पिशवी, कधी सुकामेवा, एकदा तर पायाला मसाज करणारं यंत्र आलं, ते आगाशांनी सोफ्याखाली सरकवून दिलं. विमलाबाई सकाळ-संध्याकाळ जेवणाचा डबा आणत. आगाशे बसून होते. बसून बसून माणूस किती बसणार!

समोरच्या घरात ओहोळ राहत. शांतवन ओहोळ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. ती कसर त्यांच्या पत्नी रूथबाई भरून काढत. दोन्ही कुटुंबं इमारतीच्या रंगाचा वास जायच्या आधीच राहायला आली होती. आगाशे शनिवार पेठेतल्या भाड्याच्या खोल्यांतून, ओहोळ कारखान्याच्या क्वार्टरमधून. बिल्डरने आगाशांची गॅलरी रस्त्याकडे काढली होती आणि ओहोळांची मागे, ट्रान्सफॉर्मरकडे. पहिल्या नाताळात ओहोळांनी कागदाची चांदणी त्या मागच्या गॅलरीत लावली. त्यांच्या चर्चची कॅरल गाणारी मंडळी गिटार घेऊन घर शोधत वारजेभर हिंडली. चांदणी काही दिसेना. रोषणाई पाहून ती भलत्याच एका लग्नघरात शिरली, तिथे गायली, तिथल्या लोकांनी त्यांना आग्रहाने जेवायला बसवलं आणि ओहोळांकडे पोचली तेव्हा रूथबाईंच्या करंज्यांना कुणाच्या पोटात जागा नव्हती. रूथबाई ते पुढे कितीतरी दिवस बोलून दाखवत होत्या.

दुसऱ्या वर्षी कुमुदताईंनीच तोडगा काढला. "तुळशीचं लग्न झालं की आमचा कंदील उतरतो. मग हुक रिकामाच असतो. वायर आहे, बल्ब आहे. तुमची चांदणी आमच्या गॅलरीत लावा की."

आगाशांनी त्यांना आत बोलावून दबक्या आवाजात विचारलं होतं, "लोक काय म्हणतील? आगाशे बाटले म्हणतील."

"म्हणू देत," कुमुदताई म्हणाल्या. "बाटण्याइतकं तुमच्यात काही आहे, असं तरी लोकांना वाटेल."

तेव्हापासून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, उपासनेहून परत आले की ओहोळ बेल वाजवत. हातात घडी घातलेली चांदणी. "आगाशे, हुक देता का?" "देतो, पण भाडं पडेल." भाडं म्हणजे बिनअंड्याचा केक. रूथबाई तो वेगळ्या भांड्यात करत. मग आगाशे स्टूल धरत, ओहोळ वर चढत आणि कुमुदताई खालून "डावीकडे, अजून थोडी डावीकडे" असं सांगत राहत. चांदणीला डावं-उजवं नसतं, हे आगाशांनी त्यांना दरवर्षी समजावलं आणि त्यांनी दरवर्षी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

यातून एक नवाच घोळ झाला. कॅरलवाले चांदणी बघून वर येत आणि सरळ आगाशांची बेल वाजवत. कुमुदताई दार उघडून दारातच उभ्या राहत, हात जोडून अख्खं गाणं ऐकत आणि संपल्यावर सांगत, "छान म्हटलंत हो. ओहोळ समोर राहतात." आतून आगाशे कुरकुरत, "बिचाऱ्यांना दोनदा गायला लावलंस." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आपल्याला एकदा ऐकायला मिळालं ना? मग झालं."

यंदाही डिसेंबरचा पहिला रविवार आला. आगाशांनी सकाळीच बल्ब लावून पाहिला, लागत होता. वायरीवरची धूळ पुसली. स्टूल हॉलमध्ये आणून ठेवलं, मग ते फारच उघड दिसतं असं वाटून परत आत नेलं. बेल ऐकू आली नाही तर काय घ्या, म्हणून टीव्ही लावला नाही, दुपारचं आडवं होणंही टाळलं. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. ओहोळांचं खाकरणं ऐकू आलं. थोड्या वेळाने दार लागलं. बेल काही वाजली नाही. संध्याकाळी वाजली तेव्हा आगाशे जवळजवळ धावत गेले, तर विमलाबाई डबा घेऊन उभ्या.

"पालक आहे," त्या म्हणाल्या.

पालकाचा एवढा राग आगाशांना जन्मात आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात जिन्याच्या खिडकीतून त्यांना चांदणी दिसली. मागच्या गॅलरीत, ट्रान्सफॉर्मरकडे तोंड करून टांगलेली. आगाशे पायरीवर थबकले. आधी त्यांना वाईट वाटलं आणि मग, वाईट वाटलेलं कुणाला कळू नये म्हणून, राग आला. घरी येऊन त्यांनी हिशेब मांडला. येणंजाणं कुमुदचं होतं. मैत्री तिची होती. आपण कोण, तर स्टूल धरणारे. स्टूल धरणाऱ्याला कोण विचारतं?

आता, समोरचं दार पाच पावलांवर होतं. जाऊन सरळ विचारायचं. पण सरळ विचारणं आगाशांच्या घराण्यात कमीपणाचं समजत. आडून सुचवणं ही मात्र त्यांची पिढीजात कला होती. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये ओहोळ भेटले तेव्हा आगाशांनी ती वापरली.

"थंडीत लोखंड फार गंजतं, नाही?" ते लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाले.

"असेल," ओहोळ म्हणाले.

"गॅलरीतला हुक बघत होतो परवा. नुसता लटकतोय बिचारा."

ओहोळांच्या चेहऱ्यावर एकदम कणव आली. त्यांनी आगाशांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या हो आगाशे. मनाला लावून घेऊ नका," ते हळूच म्हणाले आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून आपल्या घरात गेले. आगाशे लिफ्टमध्येच उभे राहिले, तेवढ्यात कुणीतरी खालून बटण दाबलं आणि ते परत तळमजल्यावर पोचले.

त्याच शनिवारी पाचव्या मजल्यावरची स्वराली आली. आयटीत नोकरी, सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. हातात चिठ्ठ्यांचा वाडगा होता. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची, असा खेळ ठरला होता. आगाशांनी चष्मा नीट केला आणि वाडग्यात घालायला हात पुढे केला.

"नाही नाही काका, तुम्ही नका काढू," स्वराली घाईने म्हणाली. "तुमचं वर्ष आहे ना. आई म्हणाली, काकांना अजिबात त्रास द्यायचा नाही. पण डोंट वरी, तुमचं नाव टाकलंय. तुम्हाला गिफ्ट येणार."

"म्हणजे मी कुणाला द्यायचं नाही. नुसतं घ्यायचं."

"एक्झॅक्टली!" स्वराली खूश होऊन म्हणाली आणि वरच्या मजल्यावर गेली.

पोरगी गोड होती, तिच्यावर चिडणंही शक्य नव्हतं. दार लावून आगाशे खुर्चीत बसले. पूर्वी बेल वाजली की दारात उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी हवं असे. कुणाला शिडी, कुणाला कालचा पेपर, कुणाला सोसायटीच्या नियमातलं कलम. आगाशे कपाळाला आठ्या घालून ते देत आणि पाठोपाठ दोन टोमणेही देत. आषाढापासून बेल वाजे ती कुणीतरी काहीतरी द्यायला आलं म्हणून. घर कसं घेऊन घेऊन गच्च झालं होतं. एखाद्याने येऊन काहीतरी मागावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण 'माझ्याकडे काहीतरी मागा हो' असं माणूस कुणाला सांगणार!

नाताळ चार दिवसांवर आला. संध्याकाळी आगाशे गॅलरीत उभे होते. रस्त्यावरून सात-आठ पोरंपोरी आली. एकाच्या पाठीवर गिटार, एका मुलीच्या डोक्यावर लाल टोपी. फाटकाशी थांबून सगळ्यांनी माना वर केल्या. या गॅलरीकडून त्या गॅलरीकडे बघितलं. आपसात काहीतरी बोलले. मग गिटारवाल्याने मान हलवली आणि सगळे शेजारच्या इमारतीकडे निघाले.

"अहो गिटारवाले!" आगाशे ओरडले.

गॅलरीतून ओरडू नये अशी नोटीस सोसायटीच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच एकदा लावली होती. पण आता ते कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले होते. "इकडे! ओहोळ इथे राहतात! तिसरा मजला! लग्नघरात जाऊ नका!"

ही शेवटची सूचना त्या पोरांना कशी कळावी! तरी ती वर आली. आगाशे आधीच जिन्यात जाऊन उभे होते. त्यांनी स्वतः समोरची बेल वाजवली. ओहोळांचं दार उघडलं, गिटार सुरू झाली आणि मराठी गाणं जिनाभर घुमलं. आगाशे आपल्या उंबरठ्यावर उभं राहून ऐकत होते. कुमुदताई अशाच उभ्या राहत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. इतकी वर्षं ते हे गाणं आत खुर्चीत बसून, पेपरआडून ऐकत आले होते. उठून तिच्या शेजारी येऊन उभं राहायला काय झालं होतं आपल्याला? चार पावलं तर होती.

गाणं झालं. करंज्या खाऊन, चॉकलेटं वाटून पोरं खाली गेली. "या ना आत," ओहोळ म्हणाले. आगाशे जागचे हलले नाहीत.

"शांतवनराव, आज स्पष्टच विचारतो. माझं काय चुकलं?"

"तुमचं? तुमचं काय चुकणार?"

"मग ती चांदणी ट्रान्सफॉर्मरला काय म्हणून दाखवताय?"

ओहोळांनी रूथबाईंकडे पाहिलं. रूथबाई पुढे आल्या. "अहो भाऊजी, तुमचं वर्ष आहे ना? मी तळमजल्यावरच्या सोमणबाईंना मुद्दाम विचारून आले. त्या म्हणाल्या, वर्ष होईपर्यंत दिवा नाही, कंदील नाही, गोडधोड नाही. मग आम्ही कोणत्या तोंडाने चांदणी घेऊन येणार? हे पहिल्या रविवारी तुमच्या दारापर्यंत आले आणि परत फिरले. आपल्यामुळे त्यांना आठवण नको, म्हणाले."

 आगाशांचा नेहमीचा आवाज परत आला. "वहिनी, कंदील माझा. म्हणून मी तो लावला नाही. चांदणी तुमची. तुमचं कुठे वर्ष चालू आहे?"



"आणि आठवण कसली नको? ती काय चांदणीची वाट बघत बसते यायला?" आगाशे बोलतच राहिले. "सगळे येतात हो. रोज येतात. डबा देतात, फराळ देतात, सल्ला देतात. केयूर तिकडून खोकी पाठवतो. फार चांगली माणसं आहेत सगळी. पण माझ्याकडे कुणी काही मागत नाही वहिनी. तुम्ही वर्षातून एकदा तेवढा हुक मागायला यायचात, तेही बंद केलंत. या घरात अजून एक माणूस राहतोय, असं मलाच वाटेनासं झालंय."

रूथबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ओहोळ आत गेले आणि मागच्या गॅलरीतून चांदणी काढून घेऊन आले. आगाशांनी स्टूल आणलं. ओहोळ वर चढले, आगाशांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. हुकात चांदणी अडकली, पण खालून कुणीच काही बोललं नाही. ओहोळ वर तसेच थांबून राहिले. रूथबाई चांदणीकडे बघत होत्या.

"डावीकडे," शेवटी आगाशेच म्हणाले. "अजून थोडी डावीकडे."

त्या रात्री आगाशे बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. डब्यातली भाजी अळणी होती, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाईंना तोंडावर सांगितलं. "आता खरं बरं वाटायला लागलं म्हणायचं तुम्हाला," म्हणत विमलाबाई निघून गेल्या.

अकराच्या सुमारास पुन्हा बेल वाजली. दारात रूथबाई होत्या. गाऊनवर ओढणी, हाताला मैदा लागलेला.

"भाऊजी, जायफळ आहे का हो? केक करायला घेतला आणि बघते तर डबी रिकामी."

"आहे," आगाशे म्हणाले. आहे की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. चहासाखरेच्या पलीकडे त्या स्वयंपाकघरात त्यांनी आषाढापासून हात घातला नव्हता. त्यांनी एक कप्पा उघडला. मोहरी, ओवा, काळं काहीतरी वाळलेलं, ज्याचं नाव त्यांना येत नव्हतं. दुसरा उघडला. डबे काढले, झाकणं उघडून वास घेतले, परत ठेवले. ओट्यावर डब्यांची रांग लागली. रूथबाई उंबरठ्याबाहेरच उभ्या होत्या. कुमुदताईंच्या स्वयंपाकघरातली प्रत्येक डबी कुठे असते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या आत आल्या नाहीत आणि एक शब्द बोलल्या नाहीत. जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिल्या.

जायफळ वेलदोड्यांच्या खाली सापडलं. एका बाजूने उगाळून सपाट झालेलं. पाडव्याच्या श्रीखंडाला कुमुदताईंनी ते उगाळलं होतं, तेव्हा आगाशे 'जास्त घालू नकोस, झोप येते' म्हणाले होते. ते त्यांनी थोडा वेळ मुठीत धरलं. सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. मग बाहेर आले.

समोरचं दार उघडं होतं आणि तिथून केक भाजल्याचा वास येत होता. त्या वासात जायफळ होतं, चांगलं भरपूर होतं. म्हातारपणी आगाशांचे कान कमी झाले होते, नाक शाबूत होतं. त्यांनी रूथबाईंकडे पाहिलं. रूथबाई आपल्या चपलेकडे बघत होत्या.

आगाशांनी जायफळ त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"काम झालं की उरलेलं परत आणून द्या," ते म्हणाले. "मला लागतं."

"आणते की. संध्याकाळी आणते."

"आणा. मी घरीच आहे," आगाशे म्हणाले. "बेल वाजवा."